घंटा, हायवे आणि आपली शनिवारची शाळा



इंग्लंडातल्या शाळा उघडल्या. आता थोड्याच दिवसांत आपल्या मुलांच्या दप्तरातून ती चिठ्ठी निघेल: अमुक तारखेला जगातल्या संस्कृतींचा दिवस साजरा होणार आहे, मुलांना पारंपरिक पोशाखात पाठवा, जमल्यास काही खायला करून द्या. मग घरोघरी पळापळ. गेल्या गणपतीतला कुर्ता आखूड झालेला असतो, शिवलेली नऊवारी कुणाकडून तरी मागून आणायची, समोसे दुकानातून. (समोसा महाराष्ट्राचा कधी झाला, हे विचारायला त्या दिवशी कुणाला वेळ नसतो.) शाळेच्या हॉलमध्ये वीस-पंचवीस टेबलं, तितकेच झेंडे, आणि दीड तासात पोरं जग फिरून घरी.

त्या दिवसाला मी नावं ठेवणार नाही. वर्गातल्या एकट्यादुकट्या मराठी पोराला त्या दिवशी चार जण नाव-गाव विचारतात, हे थोडं नाही. माझी तक्रार आपल्याच मराठी मंडळाच्या शनिवारच्या शाळेबद्दल आहे. आपणही तिथं झेंडे, जेवण आणि जत्रा यांच्यावरच भागवतो. मुलांना भारताचं चित्र काढायला सांगितलं की ताजमहाल, हत्ती आणि मोर येतात. महाराष्ट्रातल्या मुलांना इंग्लंडचं चित्र काढायला सांगा, बर्फ, लाल बस आणि राणीचा मुकुट येईल. दोन्हीकडची मुलं हुशार आहेत. त्यांना दाखवलंच तेवढं गेलंय.

मला वाटतं, जग शिकवायचं तर अख्खं जग टेबलावर मांडायचं नाही. एक ठिकाण घ्यायचं आणि त्याच्या इतकं जवळ जायचं की तिथून बाकीचं जग आपोआप दिसू लागेल. हे ठिकाण कुठलं, तर मी माझं माहेर सुचवते: वरवे बुद्रुक, तालुका भोर, जिल्हा पुणे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे गाव नकळत ओलांडलेलं आहे. पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की कात्रजचा बोगदा, मग खेड शिवापूरचा टोलनाका, आणि त्यानंतर हायवेला लागून वरवे. थोडं पुढं गेलं की चेलाडीचा फाटा लागतो. तिथून आत वळलं की नसरापूर, आणि नसरापूरला बनेश्वर.

बनेश्वराचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलं. झाडी, कुंड, धबधबा, रविवारी पुण्याहून येणारी गर्दी, हे सगळं आहेच. मला मुलांना दाखवायची आहे ती देवळातली घंटा. तिच्यावर एक क्रूस आहे आणि १६८३ हे साल आहे. शंकराच्या देवळात क्रूस! आम्ही लहानपणी ती घंटा टोले देऊन देऊन वाजवली. वर काय कोरलंय ते बघायला कुणी सांगितलं नाही.

आता समजा, आपल्या शाळेत या घंटेचा फोटो भिंतीवर मोठा करून दाखवला आणि शिक्षकांनी पहिली दहा मिनिटं एकही गोष्ट सांगितली नाही. नुसतं विचारायचं, काय दिसतंय? मुलं क्रूस ओळखतील, साल वाचतील. मग फळ्यावर दोन आकडे लिहायचे, १६८३ आणि १७४९. घंटा देवळापेक्षा सहासष्ट वर्षांनी मोठी आहे. मग ती आधी कुठं होती? मुलं अंदाज बांधतील, बांधू द्या. शेवटी वसई नकाशात शोधायची, पोर्तुगाल शोधायचा, आणि सांगायचं की १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई पोर्तुगीजांकडून जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर आल्या आणि देवळादेवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरला एक आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर एक आहे. ‘स्वदेस’ सिनेमा पाहिलेल्यांना तो घाट आठवेल.

इथपर्यंत गोष्ट सोपी आहे, आणि आपल्याला आवडणारीही. खरा तास यापुढं सुरू होतो. आपली मुलं टॉवर ऑफ लंडनला जातात, कोहिनूर बघतात आणि घरी येऊन विचारतात, हा आपला ना, मग परत का देत नाहीत? आपणही मान डोलावतो. तर त्याच मुलांना विचारायचं, बनेश्वराची घंटा वसईला परत द्यावी का? वसईत आजही मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक राहतात, चर्च आहेत, हेही सांगायचं. वर्गाचे दोन गट करायचे. एकानं घंटा ठेवण्याच्या बाजूनं बोलायचं, दुसऱ्यानं देण्याच्या, आणि मध्यंतरानंतर बाजू बदलायच्या. कुणी म्हणेल, लढाईत जिंकलेली वस्तू जिंकणाऱ्याची. मग इंग्रजांनी काय वेगळं केलं? कुणी म्हणेल, अडीचशेच्या वर वर्षं तिथले लोक तिला हात जोडत आलेत, आता ती तिथलीच. हेच वाक्य लंडनच्या म्युझियमनं म्हटलं तर चालेल का? शिक्षकांनी निकाल द्यायचा नाही. पालकांनी तर मुळीच नाही.

भोर तालुक्यात असं सामान भरपूर आहे. भाटघरच्या धरणाचं मूळ नाव लॉइड धरण, मुंबईच्या एका इंग्रज गव्हर्नरावरून दिलेलं. आज त्याच्या जलाशयाला शिवाजी महाराजांचे सरदार येसाजी कंक यांचं नाव आहे. शेजारच्या तालुक्यातला राजगड २०२५ मध्ये आणखी अकरा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, आणि त्या बारांत तमिळनाडूतली जिंजीही आहे. पण प्रत्येक गोष्टीवर तास घ्यायला गेलो तर वर्ष पुरणार नाही.

हायवेचं मात्र सांगितलंच पाहिजे. महाराष्ट्रातलं मूल भूगोल शिकतं ते घरापासून: आधी परिसर, मग जिल्हा, मग राज्य, देश, जग. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक तर बालभारती जिल्ह्याजिल्ह्याला वेगळं काढत आली आहे. पद्धत चांगली आहे. वरव्याच्या मुलाच्या बाबतीत मात्र पुस्तकाआधी हायवे येतो. मुंबई-चेन्नई रस्ता तो. आशियाई महामार्गांच्या जाळ्यातही त्याला ४७ नंबर आहे. त्यावरून केए, टीएन, जीजे, आरजे, एचआर अशा पाट्यांच्या गाड्या जात असतात. एनएलही दिसतो, आणि नागालँडचा ट्रक भोर तालुक्यात काय करतोय हा प्रश्न चांगल्या चांगल्यांना पडावा. (उत्तर करात आणि परमिटात आहे, मुलांना ते शोधू द्या.) पाठीमागं कन्नडमध्ये काही लिहिलेलं, काचेवर तमिळमध्ये देवाचं नाव. वरव्याच्या मुलांनी घरी जाता-येता, मोठ्यांचं बोट धरून, पंधरा मिनिटं नंबरप्लेटा मोजायच्या. आपल्या मुलांनी मोटरवेवर गाडीत मागं बसून तेच करायचं: पोलंड, लिथुआनिया, रुमेनिया. मग दोन्ही तक्ते शेजारी ठेवायचे आणि विचारायचं, यात भरलंय काय, आणि हे एवढ्या लांबून का येतं?

जेवणाचंही तसंच. टेबलावर समोसा ठेवण्यापेक्षा वरव्याच्या आणि इथल्या रोजच्या शाळेतलं दुपारचं जेवण कागदावर मांडावं. तिकडे शालेय पोषण आहारात खिचडी किंवा आमटी-भात. शिजवतं कोण? भोरात तर भाताची खाचरं आहेत, मग शाळेतला तांदूळ सरकारी गोदामातून का येतो? इकडे शुक्रवारी मासा आणि चिप्स. तो मासा कुठल्या समुद्रातला? दोन्ही बाजूंना आपापल्या ताटाचं उत्तर ठाऊक नसणार, आणि त्यातच गंमत आहे.

हे सगळं मी हवेत बोलत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाची वस्ती आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी ग्लोबल टीचर प्राइज जाहीर झालं. दहा लाख डॉलरचं बक्षीस, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. इंग्लंडचे गणिताचे शिक्षक जेमी फ्रॉस्ट त्यांपैकी एक. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमुळे डिसले गुरुजींचं नाव सगळ्यांना माहीत आहे. मला त्यांचा दुसरा उपक्रम मोठा वाटतो: भारत-पाकिस्तान, इस्राएल-पॅलेस्टाईन, इराण-इराक अशा एकमेकांशी न पटणाऱ्या देशांतल्या मुलांच्या जोड्या लावून त्यांना सहा आठवडे एकमेकांशी बोलतं ठेवायचं. सहा आठवडे, एक दिवस नव्हे. पहिल्या आठवड्यात मुलं आवडता खेळाडू आणि आवडता पदार्थ विचारतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते संपतं, आणि मग खरं काही विचारावं लागतं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलं तर इंटरनेटवरून जपानी शिकली.

तेव्हा कार्यकारिणीपुढं माझा प्रस्ताव असा: आपल्या शनिवारच्या शाळेनं एका खेड्यातल्या शाळेशी वर्षभराची देवाणघेवाण करावी. वरव्याचं नाव मी माहेरच्या ओढीनं पुढं केलंय, हे उघड आहे. कुणी आजरा किंवा गुहागर सुचवलं तरी माझी हरकत नाही. तिथल्या मुख्याध्यापकांची आणि शाळा व्यवस्थापन समितीची परवानगी आधी, बाकी सगळं नंतर. व्हिडिओ कॉलचा मोह सोडावा लागेल. आपली शाळा शनिवारी सकाळी दहाला भरते तेव्हा तिकडे दुपारचे अडीच, हिवाळ्यात साडेतीन वाजलेले असतात, आणि शनिवारी तिकडची शाळा सकाळची असल्यानं मुलं केव्हाच घरी गेलेली असतात. म्हणून पत्रं, चित्रं, तक्ते आणि दोन-तीन मिनिटांचे रेकॉर्ड केलेले आवाज. मुलांचे चेहरे आणि नावं वार्तापत्रात किंवा फेसबुकवर येणार नाहीत. तिकडची मुलं ‘आलतो, गेलतो’ म्हणतील, आपली मुलं ‘मी शाळेला गेला’ म्हणतील. दोन्हीकडे लाल पेन बंद.

आणखी एक, जरा स्पष्टच. गावच्या शाळेचं नाव काढलं की मंडळात लगेच दानाची भाषा सुरू होते, आणि मग दप्तरं वाटतानाचा फोटो येतो. दान वाईट नाही, पण ज्यांना आपण दप्तर दिलं त्या मुलांना आपल्याला अवघड प्रश्न विचारता येत नाहीत. या उपक्रमात त्यांनी आपल्या मुलांना प्रश्न विचारायचे आहेत: तुम्ही तिथं का राहता, आजी कुठं असते, घरी मराठी बोलता का? उत्तरं देताना आपल्या मुलांची आणि आपलीही थोडी तारांबळ उडेल. उडू दे.

तिकडे दिवाळीची सुट्टी, इकडे नाताळची. त्यामुळे पहिलं पत्र नोव्हेंबरच्या शेवटी गेलं तरच मार्चपर्यंत चार-पाच फेऱ्या होतील. आवाज रेकॉर्ड करून देणारं एक माणूस, पत्रांचा हिशेब ठेवणारं एक, आणि घंटेचा तास घ्यायला वादविवादाची हौस असलेले दोन शिक्षक हवे आहेत. कोजागरीच्या कार्यक्रमात दूध घेता घेता माझ्याकडे नावं द्या. जुने लॅपटॉप आणि दप्तरं मात्र कृपया आणू नका.

आपली,
संपादक