हवेची घसरगुंडी : मजा मुलांची, जबाबदारी मोठ्यांची



मागच्या मे महिन्यात आमचं सगळं खानदान दोन दिवसांसाठी कर्जतकडे भाड्याच्या बंगल्यावर जमलं होतं. धाकटे दीर कुवेतहून आले होते आणि येताना मुलांसाठी एक भला मोठा खोका घेऊन आले होते. पंपाने हवा भरायची आणि तलावाच्या काठावर उभी करायची घसरगुंडी! बंगल्यातल्या छोट्या तलावाशी ती उभी राहिली तशी पोरांनी बंगला डोक्यावर घेतला.

"थांबा, आधी मी बघतो," म्हणत दीर वर चढले. ते बसले आणि मधोमध घसरगुंडी चपटी झाली. त्यांची कंबर खालच्या फरशीवर अशी आपटली की दोन दिवस त्यांना धड बसता येईना. बरं झालं, पाय पुढे होते. डोकं पुढे असतं तर? त्यांच्या मागे माझा अकरा वर्षांचा मुलगा उभा होता, पोटावर झोपून सूर मारायच्या तयारीत.

हा "तर" किती खरा आहे, ते नंतर वाचलं तेव्हा कळलं. 2006 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 29 वर्षांची एक आई अशाच हवेच्या घसरगुंडीवरून डोकं पुढे करून घसरली. खालच्या टोकाशी घसरगुंडी दबली, डोकं तलावाच्या सिमेंटच्या काठावर आदळलं, मान मोडली आणि तिचा मृत्यू झाला. तिथे 1976 पासून नियम आहे की तलावाच्या घसरगुंडीने सुमारे 159 किलो वजन पेललं पाहिजे. हा नियम हवेच्या घसरगुंडीला लागू नाही, असं विकणाऱ्यांचं म्हणणं होतं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ते फेटाळलं आणि दोन कोटी डॉलरहून अधिक भरपाई कायम केली. त्याआधी 2012 मध्ये त्या प्रकारच्या सुमारे 21 हजार घसरगुंड्या बाजारातून परत मागवण्यात आल्या होत्या. वाऱ्यात त्या स्थिर राहत नाहीत, हेही एक कारण होतं.

म्हणजे दोष नेहमी मुलांच्या मस्तीचा नसतो, वस्तूचाही असतो. म्हणून घेताना डोळे उघडे ठेवू या.

घेताना काय पाहावं?

खोक्यावर तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात : एका वेळी किती वजन, कोणत्या वयाचं मूल आणि खाली किमान किती खोल पाणी. यातलं एकही नसेल तर चित्र कितीही सुंदर असो, ती वस्तू घरी आणू नका. आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. परदेशातून सामानात आलेल्या वस्तूवर ते असेलच असं नाही, म्हणून तिथल्या नातेवाइकांना आधीच सांगा की सूचनांचा कागद फेकू नका.

काही घसरगुंड्यांत एकदा हवा भरून झाकण लावायचं असतं, तर काहींना सतत हवा देणारा ब्लोअर लागतो. पहिल्या प्रकारात दुपारच्या उन्हाने हवा फुगते आणि सांध्यांवर ताण येतो. संध्याकाळी तीच घसरगुंडी सैल पडते. म्हणून दर तासाला हाताने दाबून पाहा. दुसऱ्या प्रकारात वीज गेली की घसरगुंडी बसते. वीज गेल्यावर मुलांना ताबडतोब खाली उतरवणारं कुणी तरी जवळ हवंच. ब्लोअरची वायर ओल्या जमिनीवरून नेऊ नका, एक्स्टेन्शन बोर्ड पाण्याजवळ ठेवू नका, आणि त्या जोडणीला करंट गळताच वीज तोडणारा स्विच आहे का, हे वायरमनकडून पाहून घ्या.

दोर आणि खुंट्या जितक्या दिल्या आहेत तितक्या सगळ्या बांधा. मे महिन्यात संध्याकाळी अचानक वावटळ येते. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात डिसेंबर 2021 मध्ये शाळेच्या मैदानावरचा हवेचा किल्ला वाऱ्याने उचलला गेला आणि सहा मुलं दगावली. आभाळ भरून आलं, झाडं हलू लागली की खेळ बंद, हवा काढून टाका.

खेळताना

एका वेळी एकच मूल. बसून, पाय पुढे. आधीचं मूल बाजूला झाल्याशिवाय दुसरं सुटणार नाही. मोठ्यांनी हौस म्हणून बसायचं नाही. आमच्या दिरांना विचारा! घरच्या गुडघाभर पाण्याच्या फुगवलेल्या तलावाला मोठी घसरगुंडी लावू नका, तळ फार जवळ असतो.

मुलींच्या कपड्यांकडे लक्ष द्या. ओढणी आणि सैल सलवार दोराच्या कड्यांत अडकतात. लेगिंग आणि अंगाबरोबरचा लांब कुर्ता बरा. गळ्यातला ताईताचा दोरा, साखळी पाण्यात उतरण्याआधी काढून ठेवा.

सगळ्यात मोठी गोष्ट नजरेची. घरात वीस माणसं असली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणी बघतोय. पुरुष असरच्या नमाजाला उभे, बायका बिर्याणीच्या देगेपाशी, आणि पाण्याजवळ कुणीच नाही. बुडणारं मूल सिनेमासारखं ओरडत नाही, गुपचूप खाली जातं. दंडावरचे फुगे म्हणजे हिफाजत नव्हे. आम्ही आता पाळी ठरवतो : वीस मिनिटं एक मोठा माणूस, पोहता येणारा, हातात मोबाईल नाही. अजान झाली की सगळी मुलं पाण्याबाहेर आणि तलावाच्या दाराला कडी.

तरीही मूल पाण्यातून बेशुद्ध निघालं तर उलटं लटकवू नका, पोट दाबू नका. 108 ला फोन लावायला एकाला सांगा. श्वास नसेल तर तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं लगेच सुरू करा. प्रत्येक घरातल्या निदान एकाने हे शिकून ठेवलंच पाहिजे.

खेळ संपला की लहान तलावातलं पाणी ओतून न देता झाडांना, अंगण धुवायला वापरा. पाण्याचा इसराफ नको, आणि साचलेल्या पाण्यात डासही नकोत.

दिरांचा तो खोका सध्या आमच्या माळ्यावर आहे. मुलं विचारतात, "अम्मी, घसरगुंडी कधी काढायची?" मी सांगते, "आधी पोहायला शिका." धाकटीने या महिन्यापासून शिकायला सुरुवात केली आहे.