श्रवणयंत्राची निगा : आपल्या कर्तव्याचा राहून गेलेला भाग

पावसाळ्याची सर्द हवा कोकणपट्टीत मुरू लागली, की ‘यंत्र बंद पडले’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांची आपल्या दवाखान्यांत रीघ लागते. आणि तपासणी करता यंत्राचा अंतर्भाग शाबूत असून मोल्डच्या नळीत साठलेला दवाचा थेंब, अथवा रिसीव्हरच्या मुखाशी घट्ट बसलेला कानातला मळ, एवढेच त्या मौनाचे कारण असल्याचे वारंवार निष्पन्न होते. असे यंत्र निष्कारण दुरुस्तीस रवाना करून वृद्धाला काही आठवडे पुन्हा बहिरेपणाच्या स्वाधीन करणे हे आपल्या व्यवसायास शोभणारे नव्हे.

याचा दोष रुग्णाच्या हयगयीवर लोटण्याचा प्रघात आम्हांस मान्य नाही. नव्या ध्वनींनी भांबावलेल्या माणसाला इंग्रजी माहितीपत्रक देऊन त्याची बोळवण करायची आणि निगेची अपेक्षा मात्र पूर्ण ठेवायची, हा न्याय नव्हे. मोल्ड यंत्रापासून सोडवून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुणे, रबरी फुंकणीने नळीतले पाणी काढणे, रात्रभर वाळवून सकाळी जोडणे, आणि प्रत्यक्ष यंत्रास पाणी वा स्पिरिट कदापि लागू न देता ते कोरड्या फडक्यानेच पुसणे, हे सारे रुग्णाने आपल्यासमोर स्वहस्ते करून दाखविल्याखेरीज यंत्र बसविण्याचे काम पुरे झाले अशी नोंद दप्तरी करू नये. मोतीबिंदूने दृष्टी मंदावलेल्या किंवा मधुमेहाने बोटे बधिर झालेल्या वृद्धाच्या बाबतीत घरी हे काम वस्तुतः जी सून वा जो नातू करणार, त्यांनाच बोलावून शिकवावे. रिसीव्हर कानात बसणाऱ्या यंत्रांना मात्र धुण्याचा हा विधी सर्वथा वर्ज्य; तेथे मळरोधक जाळी वेळच्या वेळी बदलणे हाच मार्ग.

ओल शोषण्यासाठी यंत्र तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय घरोघरी चालतो. परंतु तांदळाची पूड मायक्रोफोनच्या छिद्रात शिरते, म्हणून सिलिका जेलची डबी देऊन, कणांचा रंग पालटताच ते बदलावेत हे सांगावे. रात्री बॅटरीचे झाकण उघडे ठेवावे. जस्त-वायू बॅटरीची चिकटपट्टी काढताच हवेतील प्राणवायूने तिची क्रिया सुरू होते व पट्टी पुन्हा लावल्याने ती थांबत नाही, हे ठाऊक नसल्यामुळे काटकसरी माणसे बॅटरी जपण्यासाठी रोज पट्टी चिकटवीत बसतात.

लहान मुलांच्या बाबतीत आईची जबाबदारी अधिक नाजूक, कारण यंत्र बिघडल्याचे मूल स्वतः सांगू शकत नाही. डॅनियल लिंग यांच्या सहा ध्वनींची, म्हणजे आ, ई, ऊ, म, स, श यांची, रोज सकाळी पाठमोऱ्या मुलाकडून परीक्षा घेण्यास तिला शिकवावे, आणि गिळल्यास घातक ठरणाऱ्या बॅटरीच्या कप्प्यास कुलपी झाकण असल्याची खात्री आपण करावी.

1981 पासून चालू असलेल्या केंद्राच्या एडिप योजनेखाली शिबिरांतून यंत्रे वाटली जातात. वाटपाइतकीच तजवीज पुढील देखभालीची व्हावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. कडक व पिवळी पडणारी नळी सामान्यतः तीन ते सहा महिन्यांत बदलावी लागते. तेव्हा वाटपाच्या कागदावरच पुढील भेटींच्या तारखा घालाव्यात, आणि त्यांपैकी एक भेट मृग लागण्यापूर्वीची असावी.