पन्नास रुपयांची भूतदया

शहरांतील मध्यमवर्गाच्या घरी मोटार आली आणि तिच्या मागोमाग जातिवंत कुत्राही आला. त्याला गाडीत बसवून बाजारात न्यायचे आणि काचा चढवून ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणत उतरायचे, ही रीतही त्याबरोबर रूढ झाली. या पाच मिनिटांचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडत नाही.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तो २००५ साली मांडला. बाहेर २२ ते ३६ अंश सेल्सिअस तापमान असताना उन्हातील बंद गाडी तासाभरात सरासरी २२ अंशांनी अधिक तापली. त्यांपैकी ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातलीच होती. काच किंचित उघडी ठेवूनही फारसा फरक पडला नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेथे काय होत असेल हे सांगावयास नको. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. मुख्यतः धापा टाकूनच तो शरीर थंड ठेवतो. कोंडलेली हवा तापून दमट झाली की हा उपायही निकामी ठरतो.

कायदा आहे, परंतु १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक अधिनियमाने पहिल्या अपराधास दंड ठेवला तो दहा ते पन्नास रुपये. अर्थशास्त्राच्या दृष्टीने दंड ही गैरकृत्याची किंमत होय. रुपया घसरत गेला आणि दंड जागीच राहिला, म्हणजे क्रौर्य वर्षागणिक स्वस्त झाले. २०१४ साली जल्लिकट्टू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा वाढविण्याची अपेक्षा संसदेकडे व्यक्त केली. सुधारणेचा मसुदा केंद्राने जाहीर केला तो २०२२ साली. तोवर आकडा जुनाच होता.

तथापि केवळ दंड वाढवून प्रश्न सुटणार नाही. तक्रार होऊन पोलीस येईपर्यंत तो निर्णायक अर्धा तास निघून गेलेला असतो. कॅलिफोर्नियाने २००६ साली असे कृत्य गुन्हा ठरविले आणि २०१६ साली आणखी एक पाऊल टाकले: प्राण्याचा जीव धोक्यात असेल, तर पोलिसांना कळवून काच फोडणाऱ्या नागरिकास कायद्याचे संरक्षण दिले. काचेची किंमत जिवापेक्षा कमी, हा साधा हिशेब तेथील विधिमंडळाने मान्य केला. आपल्याकडेही अशा स्पष्ट तरतुदीचा विचार व्हावयास हवा.

मालकाचे कर्तव्य तर त्याहून सोपे आहे. उन्हाच्या वेळी कुत्र्याला घरी सावलीत, पाण्यापाशी ठेवण्यास काहीच खर्च येत नाही. बिनखर्चाची ही दयाही ज्यास परवडत नाही, त्याने प्राणी पाळण्याची हौस करू नये.