खैराच्या टेंपोत सापडलेला पोरगा आपलाच



दिवाळी झाली की पाड्यातले आईबाप वीटभट्टीवर जातात, ते पावसाच्या तोंडाशी परततात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि आश्रमशाळा सोडलेली पोरं. हाताला काम नाही, विचारणारं कोणी नाही. अशात रात्री टेंपो येतो. खैर तोडायचा, भरून द्यायचा. रोख पैसे, वर दारूची बाटली. धाड पडली की व्यापारी पसार, सापडतो आपला पोरगा.

गेल्या महिन्यात असाच एक सापडला. वय सोळा. दाखला जवळ नव्हता, म्हणून कागदावर एकोणीस लिहिलं आणि मोठ्या माणसांत कोंडला. हाच पोरगा दोन वर्षांपूर्वी मोर्चात झेंडा घेऊन पुढे होता. मोर्चा संपला, झेंडा आपण परत घेतला, पोराची विचारपूस केली नाही. ही चूक संघटनेची आहे. आम्ही ती कबूल करतो.

बैठकीत काही जण म्हणाले, "चोरासाठी संघटनेने का धावायचं?" आम्हाला हे पटत नाही. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून अख्ख्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. १९५२ साली तो कायदा गेला, पण पारधी भाऊ त्या शिक्क्याचे चटके अजून सोसतात. तोच शिक्का आपण आपल्या पोरावर मारायचा का? जंगल तोडलं ही चूकच, ती त्याला तोंडावर सांगू. पण पाड्याबाहेर टाकला तर तो कायमचा टेंपोवाल्याचा होईल.

२०१५ सालचा बाल न्याय कायदा सांगतो, १८ वर्षांखालच्या मुलाला लॉकअपात किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं, आईबापांना कळवावं लागतं. पण वय सिद्ध कोण करणार?

म्हणून ठरलं ते असं:

१) शाळा सुटलेल्या पोरापोरींची यादी प्रत्येक पाड्याने करायची. दाखल्यांच्या नकला गाव समितीकडे ठेवायच्या.

२) कोणी धरला गेला तर त्याच दिवशी दोन कार्यकर्त्यांनी दाखला घेऊन चौकीवर जायचं.

३) प्लॉटची मोजणी, नकाशे, दाव्यांचे कागद या कामात या पोरांना बरोबर घ्यायचं.

४) दिवाळीआधीच रोजगार हमीच्या कामाची मागणी एकजुटीने करायची, म्हणजे आईबापांना भट्टी गाठावी लागणार नाही.

येत्या बैठकीला यादी घेऊनच या. याद्या वाचल्याशिवाय पुढचा विषय घेणार नाही.

जिंदाबाद!