टनाच्या हिशेबात अडकलेली वाइन

कराडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी उचलले जाते आणि टप्प्याटप्प्याने चढत खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळच्या माळावर पोहोचते. त्या भागातल्या मुरमाड उतारांवर खाण्याच्या द्राक्षाने आणि बेदाण्याने पैसा दिला. वाइनचे द्राक्ष मात्र आपल्या पट्ट्यात फारसे रुजले नाही. राज्याच्या 2001 च्या धोरणात विंचूरबरोबर आपल्याकडच्या पलूसच्याही वाट्याला वाइन पार्क आला होता. विंचूर चालले, पलूस रखडले. अबकारी, बाजारपेठ, पर्यटक ही नेहमीची कारणे खरीच आहेत. पण आमच्या मते मुळाशी सवय आहे. ऊस पिकवणारी आपली माणसे द्राक्षही टनावरच मोजतात.

याच्या उलट उदाहरण फ्रान्समध्ये आहे: रोन नदीकाठची एर्मिताज ही टेकडी. सारी लागवड 140 हेक्टरांच्या आत. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाच्या बागा याहून जास्त भरतील. दगडी ताली घालून अडवलेली माती, तोंड दक्षिणेला, बहुतेक काम हाताने. लाल वाइनसाठी तिथे जी सिरा लावतात, तीच आपली शिराझ. 1937 मध्ये टेकडीच्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. त्या नावासोबत उत्पादनाची मर्यादाही येते: हेक्टरी साधारण 40 हेक्टोलिटर, म्हणजे एकरी दोन-सव्वादोन टन द्राक्ष. दहा-बारा टनांची सवय असलेल्या बागायतदाराला हा आकडा सांगून पाहा!

तिथे बऱ्याच भागात ग्रॅनाइट, आपला मुरूम बसाल्टचा. साम्य आहे ते निचऱ्यात. उतारावर मुळांशी पाणी थांबत नाही, वेल माजत नाही आणि मणी बारीक राहतो. आपण जीए देऊन फुगवण करतो, ती खाण्याच्या द्राक्षाला ठीक. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीत असतो. मणी फुगला की रस वाढतो, साल त्या मानाने कमी पडते. शिवाय आपल्या उन्हात ब्रिक्स झपाट्याने चढतो आणि आम्लता उतरते. म्हणून वाइनसाठी काळ्या जमिनीपेक्षा रात्री गार राहणारा उंच माळ बरा.

फरक संघटनेतही आहे. टेकडीच्या पायथ्याच्या तँ गावात 1933 पासून सहकारी वायनरी आहे आणि एर्मिताजवरचा बराच माल ती गाळते. साखर कारखाने, सूतगिरण्या, दूध संघ उभे करणाऱ्या आपल्या मुलखात वाइनचा विचार मात्र ज्याचा त्याने केला. 2008 च्या मंदीनंतर नाशिककडे माल उचलला गेला नाही, तेव्हा शिराझ आणि कॅबर्ने उपटणारा शेतकरीही एकटाच होता.

तेव्हा यापुढे वायनरीशी करार करताना दर टनावर ठरवू नका, एकरावर ठरवा. पाणी आणि घड कमी ठेवायला सांगायचे आणि पैसे मात्र वजनावर द्यायचे, हे बागायतदाराने का ऐकावे? लागवडीआधी लेखी करार, त्यात एकरी घडांची मर्यादा, तोडणीच्या वेळचे ब्रिक्स आणि पीएच, आणि माल उचलला नाही तर भरपाई, एवढे तरी असावे. यातले काहीच मिळत नसेल, तर सोनाका लावून बेदाणा केलेला बरा.