नाव, वय, गाव... आणि काम?

तुमसर रोड स्टेशनातून तिरोडीकडे एक लोहमार्ग जातो. तुमसर शहर, मिटेवानी, गोबरवाही अशी स्टेशने घेत गाडी डोंगरी बुजुर्गला येते आणि पुढे मध्य प्रदेशात शिरते. भंडारा जिल्ह्याबाहेरच्या माणसाने या गावाचे नाव सहसा ऐकलेले नसते. जिल्ह्यातल्याही पुष्कळांनी ते फक्त स्टेशनच्या पाटीवर वाचलेले असते. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला बुद्रुक म्हणतात, तेच आपल्याकडचे बुजुर्ग. म्हणजे थोरले गाव.

नाव माहीत नसले तरी या गावची वस्तू बहुतेक प्रत्येक घरात येऊन गेली आहे. बॅटरीचा जुना सेल लहानपणी आपण सर्वांनीच दगडाने फोडून पाहिला आहे. त्यातून जी काळी भुकटी निघे, तिच्यातला मुख्य पदार्थ मँगनीज डायऑक्साईड. डोंगरी बुजुर्गची खदान या प्रतीच्या खनिजासाठी ओळखली जाते. पोलादाचेही तसेच. लोखंडाच्या रसात मँगनीज घातल्याशिवाय चांगले पोलाद होत नाही. पूल, रेल्वेचे रूळ, घराच्या स्लॅबमधली सळई, सगळीकडे ते थोडेफार असते.

या पट्ट्यात मँगनीजचा शोध आणि उपसा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. १८९६ साली इंग्रजांच्या एका मंडळीने मध्य प्रांतात हे काम हाती घेतले. १९६२ साली मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड, म्हणजे आजची मॉईल, ही कंपनी स्थापन झाली. तिचे मुख्यालय नागपूरला आहे. डोंगरी बुजुर्गची खदान उघडी आहे, तर शेजारच्या चिखल्याची भूमिगत. येथील एका खडकाला भूगर्भशास्त्रात ‘गोंडाईट’ म्हणतात. फर्मोर नावाच्या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञाने १९०९ च्या सुमारास ते नाव रूढ केले, येथे राहणाऱ्या गोंड लोकांवरून. माणसांचे नाव दगडाला मिळाले. दगडातले काय माणसांना मिळाले, हा आजचा विषय आहे.

वाचकहो, मी या भागात सुमारे तीस वर्षे साधी एम.बी.बी.एस. प्रॅक्टिस करतो आहे. धानाच्या रोवणीच्या दिवसांत कंबरदुखी, तेंदूपत्त्याच्या हंगामात उन्हाचा त्रास, पावसाळ्यात हिवताप आणि दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले की जुलाब, असे आमचे पंचांग ठरलेले. या पंचांगात खदानीचा खोकला बारमाही असतो. बारमाही असल्यामुळेच तो आम्हाला दिसेनासा झाला.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट सांगतो. त्या पट्ट्यातल्या एका खेड्यातला चाळिशीचा गृहस्थ माझ्याकडे येत असे. खोकला, दम, वजन घटलेले. क्ष-किरण फोटोत दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात डाग. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरीही मी क्षयाचे औषध सुरू केले. त्या काळी आम्ही सर्रास तसे करीत असू. कोर्स पुरा झाला, दम गेला नाही. दीड वर्षाने पुन्हा कोर्स दिला. पुन्हा तेच. एके दिवशी तो म्हणाला, “डॉक्टरसाहेब, दोनदा कोर्स केला जी. मंग हा दम काहून जात नाही?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी त्याला नागपूरला एका वडीलधाऱ्या छातीरोगतज्ज्ञांकडे पाठवले.

त्यांनी फोटो उजेडासमोर धरला आणि एकच प्रश्न केला, “काम काय करत होता?” तो म्हणाला, “दगडाले भोकं पाडाचं काम जी. बारा-तेरा वर्सं.” कधी या कंत्राटदाराकडे, कधी त्या गिट्टीच्या क्रशरवर. निदान तिथेच झाले. त्याला सिलिकोसिस होता, म्हणजे दगडाच्या धुळीने फुप्फुसे घट्ट होत जाण्याचा आजार. दोन वर्षांनी तो गेला. त्याच्या केसपेपरवर नाव, वय, गाव, वजन सगळे माझ्या अक्षरात लिहिलेले होते. काम लिहिलेले नव्हते. मी ते कधी विचारलेच नव्हते.

हा प्रश्न काही नवा नाही. १७०० साली इटलीतील रामाझ्झिनी या वैद्याने कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि सांगितले, की रोग्याला जे प्रश्न विचारतो त्यांत आणखी एक घाला, तुझा धंदा काय? तीनशे वर्षांनंतरही हा प्रश्न आमच्या जिभेवर येत नाही. त्यात आळस किती आणि गर्दी किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझ्यापुरता आळसच होता.

आता या धुळीविषयी थोडे समजून घेऊ. डोळ्यांना दिसते ती धूळ बरीचशी नाकात व घशात अडकते आणि शिंकेवाटे, बेडक्यावाटे बाहेर पडते. खरी घातक धूळ दिसत नाही. केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही बारीक असे तिचे कण फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या फुग्यांपर्यंत जातात. गोंडाईटसारख्या खडकांत गारगोटी, म्हणजेच सिलिका, भरपूर असते. हा कण तेथे रुतला की भोवती व्रण तयार होतो. असे हजारो व्रण झाले की फुप्फुस फुगेनासे होते. काम सोडल्यावरही ही प्रक्रिया चालू राहू शकते. म्हणून दहा, पंधरा, वीस वर्षांनी, माणूस घरी बसल्यावर दम लागू लागतो. सिलिकोसिस बरा करणारे औषध नाही. शिवाय अशा फुप्फुसात क्षयाचे जंतू सहज घर करतात. म्हणजे ‘धूळ की क्षय’ असा प्रश्न नसतो. पुष्कळदा दोन्ही असतात, आणि एकाचाच उपचार करून आपण समाधान मानतो.

मँगनीजची गोष्ट निराळी. हे शरीराला थोड्या प्रमाणात लागणारे खनिज आहे. अन्नातून जास्त आले तर यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. पण श्वासावाटे दीर्घकाळ फार मोठ्या प्रमाणात गेले तर ते मेंदूच्या हालचाली नियंत्रित करणाऱ्या भागात साठू शकते. १८३७ साली ग्लासगो येथे कूपर या डॉक्टरने मँगनीज दळणाऱ्या कामगारांत हा आजार प्रथम नोंदवला. चिलीतील मँगनीज खाणींच्या कामगारांतही तो आढळला. सुरुवातीला थकवा, झोप न येणे, चिडचिड, कारण नसता हसू किंवा रडू येणे अशी लक्षणे असतात. पुढे चेहरा मुखवट्यासारखा स्थिर होतो, आवाज हळू आणि एकसुरी होतो, अक्षर बारीक होत जाते, माणूस चवड्यांवर चालू लागतो आणि मागे सरकताना पडतो. हे कंपवातासारखे दिसते, पण कंपवाताच्या नेहमीच्या औषधाला सहसा दाद देत नाही.

येथे कोणी घाबरून जाऊ नये. डोंगरी बुजुर्ग, चिखला किंवा सीतासावंगीत घरोघरी असे रोगी आहेत, असे मी म्हणत नाही. हा आजार मुख्यतः बंदिस्त जागी खनिज दळणाऱ्या, जाळणाऱ्या, फार धुळीत राबणाऱ्या माणसांचा. माझे म्हणणे इतकेच, की असा रोगी उद्या माझ्या बाकावर येऊन बसला तर मी त्याला ‘वात झाला’ म्हणून गोळ्या देऊन परत पाठवीन. कदाचित मी पाठवलाही असेल. काही वर्षांपूर्वी एका बाईने नवऱ्याला आणून सांगितले होते, “हे आता हसतच नाहीत जी.” मी त्याला झोपेची गोळी दिली. तो आजार कोणता होता, हे आज सांगता येणार नाही, कारण तेव्हाही मी कामाचे विचारले नव्हते.

आता कायद्याकडे वळू. क्षयाचा रोगी आढळला तर शासनाला कळवणे २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले. आम्ही कळवतो. रोग्याला औषध फुकट मिळते, आहारासाठी खात्यात पैसे जमा होतात. हे चांगलेच झाले. पण त्याच्या साठ वर्षे आधी, १९५२ च्या खाण कायद्याच्या कलम २५ मध्ये, डॉक्टरवर अशीच एक जबाबदारी टाकलेली होती. खाणीत काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या माणसाला अधिसूचित रोग असल्याचा नुसता संशय आला तरी डॉक्टरने विलंब न लावता मुख्य खाण निरीक्षकांना लेखी कळवावे. सिलिकोसिस आणि मँगनीजची विषबाधा दोन्ही त्या रोगांत मोडतात. त्या कायद्यात न कळवल्यास डॉक्टरला पन्नास रुपयांपर्यंत दंड होता. कामगारांच्या सुरक्षितता व आरोग्याविषयीच्या २०२० च्या नव्या संहितेतही डॉक्टरने कळवण्याचे हे कर्तव्य ठेवलेले आहे.

तीस वर्षांत असा एकही अहवाल मी पाठवला नाही. माझ्या ओळखीच्या डॉक्टरांपैकी कोणी पाठवल्याचे माझ्या ऐकिवात नाही. कॉलेजात हा विषय एका तासात उरकला होता. पण अज्ञान ही सबब रोग्याच्या कामाची नाही. डॉक्टरने लिहून दिले नाही तर आजार कागदावर येत नाही. कागदावर नाही तर भरपाईचा अर्ज उभा राहत नाही. आणि अर्जच नाहीत म्हटल्यावर ‘आपल्याकडे हा रोग नाही’ असे म्हणायला सगळे मोकळे.

कायम कामगाराची नियमाप्रमाणे ठरावीक वर्षांनी तपासणी होते. प्रश्न उरतो तो कंत्राटावरच्यांचा, क्रशरवर रोजीने जाणाऱ्यांचा आणि सर्वांत जास्त निवृत्तांचा. आजार जेव्हा दिसू लागतो, नेमका तेव्हाच माणूस सगळ्या रजिस्टरांतून बाहेर पडलेला असतो. मग तो येतो माझ्यासारख्याकडे. म्हणून ही जबाबदारी शेवटी आम्हा गावातल्या डॉक्टरांचीच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैशाची सबब सांगितली जाईल. पण २०१५ च्या खनिज कायद्यातील दुरुस्तीने प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठानची तरतूद झाली. तिच्या निधीत आरोग्य आणि पिण्याचे पाणी हे अग्रक्रमाचे विषय आहेत. सभामंडप आणि रस्ते दिसतात, म्हणून ते लवकर मागितले जातात. फुप्फुस दिसत नाही. खदान पट्ट्यातल्या ग्रामसभांनी एक साधा ठराव करावा. पूर्वी खदानीत किंवा क्रशरवर काम केलेल्या, आता घरी बसलेल्या प्रत्येक बाई-माणसाचा वर्षातून एकदा छातीचा फोटो, फुंकण्याची तपासणी आणि थुंकीची तपासणी व्हावी. विहिरी व हातपंपांच्या पाण्यातले मँगनीजही मोजावे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एका लिटरला ०.१ मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे. दुसरा स्रोत नसेल तर ०.३ पर्यंत चालवून घेतात.

घरच्यांनी करण्याजोग्या काही गोष्टी:

१) धुळीच्या कामावर तोंडाला गमछा बांधून बारीक कण अडत नाहीत. धुळीसाठीचा योग्य मास्क मागून घ्यावा. भोके पाडताना पाण्याचा वापर झालाच पाहिजे.

२) कामावरचे कपडे घरात झटकू नयेत, वेगळे धुवावेत. हातपाय धुतल्याशिवाय लेकराला उचलू नये. अंगण-घर कोरडे झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे.

३) रक्त कमी असेल तर त्यावर उपचार करावा. लोह कमी असलेल्या शरीरात आतड्यांतून मँगनीज जास्त शोषले जाते. आपल्याकडच्या बायकांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

४) बिडी सोडावी. धूळ आणि धूर एकत्र आले की फुप्फुसाची दुप्पट हानी.

५) दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयाची तपासणी करावीच. क्षयाचे पूर्ण औषध घेऊनही दम राहिला, तर डॉक्टरांना आपण होऊन सांगावे की मी अमुक वर्षे दगडात काम केले आहे.

या पाचव्या गोष्टीवर माझा सर्वांत जास्त भर आहे. आमच्या बाकावर बसलात आणि आम्ही विचारले नाही, तरी तुम्ही सांगा. कुठे, कोणते काम, किती वर्षे. सांगून झाल्यावर आम्ही ते केसपेपरवर लिहितो की नाही, हेही डोळे उघडे ठेवून पाहा. आम्ही रागावलो तर खुशाल रागावू द्या.

माझ्या दवाखान्यात मागच्या पावसाळ्यापासून नवे केसपेपर छापून घेतले आहेत. नाव, वय, गाव याखाली एक ओळ वाढवली आहे : काम. ती ओळ भरताना अजूनही त्या दोनदा कोर्स केलेल्या माणसाची आठवण येते. त्याच्यासाठी ती पंचवीस वर्षे उशिरा आली. दुसऱ्या कोणासाठी तरी वेळेवर यावी, एवढ्यासाठी हा लेख.