बाबासाहेबांचे व्हायोलिन आणि पॅगानिनीच्या तबकड्या



पुण्याला सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिसच्या संग्रहालयात परमपूज्य बाबासाहेबांचे व्हायोलिन ठेवलेले आहे. उतारवयात, कामाच्या रगाड्यातून वेळ काढून ते हे वाद्य शिकले. आणि आपल्या वस्तीतल्या पोराने व्हायोलिन मागितले की, "ती साहेबलोकांची थेरं," म्हणून आपणच त्याला गप्प करतो! म्हणून आज पॅगानिनीविषयी.

निकोलो पॅगानिनी १७८२ साली इटलीत जिनोव्हाला गरिबाघरी जन्मला. बाप बंदरावर पोट भरणारा. पोराने व्हायोलिनवर अशी हुकमत मिळविली की लोक म्हणू लागले, याने सैतानाला आत्मा विकला. गरिबाचे पोर पुढे गेले की त्याच्या मेहनतीकडे न बघता भानगड शोधायची, ही खोड तिकडेही होतीच. १८४० साली तो वारला. अखेरचा धर्मविधी झाला नाही म्हणून चर्चने त्याला दफनभूमीत जागा नाकारली. शवपेटी वर्षानुवर्षे इकडून तिकडे फिरत राहिली. १८७६ साली पार्मा शहरात त्याला माती मिळाली. स्मशानाच्या जागेसाठी भांडलेल्या आपल्या माणसांना हे दुःख वेगळे समजावून सांगायला नको.

पण त्याची एक गोष्ट मला पटत नाही. व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठी त्याने कॉन्चेर्टो रचले, मात्र करामत कोणी उचलू नये म्हणून हयातीत ते छापू दिले नाहीत. पहिल्या कॉन्चेर्टोत तो आपल्या तारा अर्ध्या स्वराने चढवून घेई. सगळ्या वाद्यांवर त्याचाच आवाज खणखणीत उठे. विद्या कोंडली की काय होते? चौथा कॉन्चेर्टो शंभरावर वर्षे कोणाच्या कानी पडला नाही. १९५४ साली तो पुन्हा वाजला. पुढे १९७० च्या दशकात साल्वातोरे अकार्दो या इटालियन वादकाने, शार्ल द्युत्वा यांच्या संचालनाखाली, लंडन फिलहार्मोनिकसोबत सहाही कॉन्चेर्टोंच्या तबकड्या काढल्या. कोंडलेली विद्या मोकळी झाली ती अशी.

आता हे सारे मोबाईलवर ऐकता येते. आमच्या नाशिक रोडला प्रेस आणि रेल्वेच्या वसाहतींत ढोलकी-बेंजोवर हात बसलेली पोरे आहेत. त्यांना स्वरलिपी येत नसली तरी बिघडत नाही. सुरुवात दुसऱ्या कॉन्चेर्टोच्या शेवटच्या भागापासून करावी. त्यात मधूनमधून एक लहानशी घंटा किणकिणते आणि व्हायोलिन तिला उत्तर देते. माताभगिनींनी स्वयंपाक करता करता लावून बघावे.